माळवद आणि संदर्भ

मराठी विकिपीडियात भर घालायचं खूळ मला जुनंच. १ मे २००३ ला सुरू झालेला हा ज्ञानकोश, कुणीही लिहावं असा. आठवडाभर हापिसात कोड लिहायचा आणि शनिवारी सकाळी चहा घेऊन हे. (बायकोच्या मते दोन्ही एकच.)

मी लातूरकडचा, औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा चौथीत होतो. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं. सुमारे १०,००० माणसं गेली. भूगर्भात काय झालं त्यावर इंग्रजीत भरपूर सापडतं. पण माणसं गेली ती माळवदाखाली! तेव्हा माळवदावर नीट लिहावं म्हणून गेल्या महिन्यात आत्याला फोन लावला.

"आता काय लिव्हलालास बाबा?" म्हणाली, आणि तासभर बोलली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात घर कसं गार. पावसात गळू नये म्हणून दरसाल मिरगाच्या आधी नवी माती टाकायची. जुनी मात्र कुणी काढायचं नाही. म्हणजे प्रत्येक पिढीनं आपल्याच डोक्यावर थोडं थोडं ओझं चढवलेलं. मी गप्प झालो. आजोबांना मातीच्या पाट्या वर द्यायला मीही असायचो.

लेख सेव्ह केला. रात्रीपर्यंत त्या दरसालच्या मातीच्या वाक्याला "संदर्भ हवा" चिकटलं होतं. जाम राग आला. नियम तसा बरोबर आहे हो, नाहीतर उद्या कुणीही आपापली आत्या पुढे करेल. पण ज्यांचं कधी कुणी छापलंच नाही त्यांनी काय करायचं? पुण्याच्या पेठांवर लिहिणाऱ्याला संदर्भांची ददात नसते.

नांदेडला माझ्याबरोबर इंजिनिअरिंग केलेला एक मित्र अजून तिथेच आहे. त्याला कामाला लावलं. बिचाऱ्यानं दोन सुट्ट्या ग्रंथालयात घालवून भूकंपानंतरचा एक अहवाल शोधला, पानांचे फोटो पाठवले. छपरावरची माती किती जाड होती ते त्यात आहे. ती इतकी जाड कशी झाली, ते नाही.

काल आत्याचाच फोन. "माझं नाव टाकलास का रे त्यात?"

म्हटलं, तिथं लेखात असं नाव घालत नाहीत गं.

"मग लोकाला कसं कळावं कुणी सांगिटलं ते?"