शोध, खंडू

८ जून
पाऊस आला. संध्याकाळी खाली नेताना खंडू, आमचा लॅब्रेडॉर, जिन्यात थबकला. पायरीवर पाय ठेवेना. दिवा लावला, मग उतरला.

११ जून
डॉक्टरांनी टॉर्च मारला. बाहुल्या मोठ्याच राहिल्या. डोळ्याच्या पडद्याचा आजार. लॅब्रेडॉरमध्ये पिढीजात येतो. आधी रातांधळेपणा, मग दिवसाचंही दिसेनासं होतं. दुखत नाही. औषध नाही.
खंडू सहा वर्षांचा आहे.
निघताना म्हणाले, घरातलं सामान हलवू नका. आणि त्याच्या नाकाला काम द्या.

१२ जून
झोप नाही.

१४ जून
नाकाच्या कामाबद्दल वाचते आहे. कॅलिफोर्नियात २००६ मध्ये रॉन गाँट, एमी हेरॉट आणि जिल मेरी ओब्रायन या तिघा प्रशिक्षकांनी शोधपथकांच्या कुत्र्यांची पद्धत घरच्या कुत्र्यांसाठी खेळ म्हणून मांडली. धावावं लागत नाही. आज्ञा पाठ असाव्या लागत नाहीत. म्हातारा, लंगडा, भित्रा, आंधळा, कुठलाही कुत्रा चालतो.
पुढचं उद्या वाचेन.

१५ जून
हॉलमध्ये रिकामी खोकी मांडली. झाकणं उघडी. एकात उकडलेलं चिकन. फ्रिजवर नियम चिकटवले: बोट दाखवायचं नाही. बोलायचं नाही. सापडलं की त्याच खोक्यात आणखी एक तुकडा टाकायचा, हातातून भरवायचं नाही. छोट्या अन्वयला गप्प बसणं फार जड गेलं.
खंडू आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग हाताकडे. मी छताकडे नजर लावून उभी. त्याला वाटलं असेल, ही रागावली. घरच्या कुत्र्याला लहानपणापासून एकच शिकवतात, माणसाकडे बघ. रस्त्यावर प्रत्येक खांबापाशी पट्टा ओढला जातो. आपल्या नाकाने ठरवायची परवानगी आहे, हे कळायलाच त्याला वेळ लागला. मग मान खाली गेली.

१६ जून
आज माझ्याकडे पाहिलंच नाही. थेट खोक्यांकडे.

१९ जून
फरशीवर कणीक सांडली होती. त्यावर खंडूचं हुंगणं नीट पाहता आलं. श्वास समोरून आत जातो, सोडताना नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे जातो. नाकाच्या बाजूची कणीक उडाली, पुढची जागेवरच. सोडलेल्या श्वासाने पुढचा वास विस्कटत नाही. सेकंदाला पाचेक वेळा हे चालतं. इतकी वर्षं शेजारी झोपतोय, हे कधी दिसलं नव्हतं.

२३ जून
पंखा चालू होता. खोकं खिडकीखाली, आणि खंडू समोरच्या भिंतीशी. तिथून नागमोडी मागे येत येत खिडकीशी पोचला. वास पंख्याने तिकडे नेऊन टाकला होता. अन्वय ओरडणार होता, "अरे, इकडे!" त्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबला.
उकाडा. धापा टाकायला लागला की हुंगणं जमत नाही. पाणी. बस्स, आजचं संपलं.

२८ जून
लवंग.
त्या तिघा प्रशिक्षकांच्या स्पर्धांत तीन वास असतात: बर्च, बडीशेपेच्या जातीचं ॲनीस आणि लवंग. बर्च कुठून आणू? लवंगेच्या तेलाची बाटली आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळाली. कापसाच्या बोळ्याला वास लावला, बामाच्या रिकाम्या डबीत ठेवला, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. डबी चिमट्यानेच उचलायची, नाहीतर वास बोटांना आणि बोटांचा खोक्यांना. झाकण घट्ट. ते तेल पोटात जाता कामा नये.
सध्या डबीशेजारी चिकन. दोन्ही वासांची जोडी जमू दे.

५ जुलै
चिकनशिवाय नुसती डबी. सापडली. अख्खं अंग हलवत उभा.

१० जुलै
टीपॉयला धडकला. भर दुपारी.

११ जुलै
अन्वयने टीपॉयच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

१७ जुलै
आईचा गोडा मसाला संपला होता. सकाळी थोडा भाजायला घेतला. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, आणि लवंगा. घर भरून गेलं. अशा वासात डबी काय सापडणार, म्हणून मी खेळ बंद ठेवला. खंडू स्वतःच उठला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेला, कढईकडे नाक करून अंग हलवत उभा राहिला. डबी सापडल्यावर उभा राहतो तसाच. आम्हाला खमंग मसाला कळत होता, त्याने धणे-खोबऱ्याच्या गर्दीतून लवंग वेगळी काढली होती. आईने गॅस बंद केला. "त्याला त्याचं चिकन दे आधी," म्हणाली. दिलं, उंबऱ्यावरच.

१८ जुलै
आई आता विचारते, आज लपवलं का?

२ ऑगस्ट
ढोलपथकांचा सराव सुरू झाला. नदीकडून सात वाजल्यापासून. खंडू पलंगाखाली, जीभ बाहेर, थरथरतोय. दिसत नाही आणि वरून हा आवाज. डबी हातात घेऊन आत बसले. उठला नाही. आग्रह केला नाही.

४ ऑगस्ट
आतली खोली, दार लावून. ढोल चालूच. चिकन, अगदी सोपं, पलंगाच्या कडेला. बाहेर आला. नंतर डबी. मध्येच कान मागे गेले, थांबला, पुन्हा हुंगायला लागला.

६ ऑगस्ट
शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचा २०१९ चा अभ्यास. कुत्र्यांना आधी शिकवलं: एका जागेचं भांडं भरलेलं असतं, दुसऱ्या जागेचं रिकामं. मग भांडं मधेच ठेवलं. भरलेलं असेल असं वाटलं तर कुत्रा झटकन जातो. दोन आठवडे वास शोधण्याचे खेळ खेळलेले कुत्रे त्या मधल्या भांड्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेले. मालकाच्या पायाशी चालायचा सराव केलेल्यांत फरक पडला नाही.
आईला वाचून दाखवलं. "म्हणजे आशा वाढते," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

९ ऑगस्ट
अन्वयला झंजीरची गोष्ट सांगितली. मुंबई पोलिसांचा लॅब्रेडॉर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून शोधलं. २००० मध्ये गेला. अन्वय बराच वेळ खंडूचं नाक न्याहाळत होता.

१६ ऑगस्ट
दिवे घालवायचं मी टाळत होते. आईने घालवले. "त्याला रोज रात्री असंच आहे. तू तुझं बघ."
डबी बुटांच्या कपाटामागे. फक्त हुंगणं ऐकू येत होतं. पॅसेज. दिवाणाखाली. थांबला. परत फिरला. मग श्वास भराभर, आणि कपाटावर नाक आपटलं. चिकन द्यायला मी भिंत चाचपडत गेले. उजेडात लागतो तेवढाच वेळ लागला त्याला.

२२ ऑगस्ट
तपासणी. दिवसाची नजरही उतरली आहे. बराच वेळ डॉक्टर डोळ्यांत पाहत होते. वजन वाढलंय. चिकनचे तुकडे आणखी बारीक करायचे, आणि तेवढं रात्रीच्या जेवणातून वजा.

२३ ऑगस्ट
शेजारच्या काकूंची पिंकी लिफ्टलाही घाबरते. काकूंना हा खेळ हवा आहे. एका वेळी एकच कुत्रा, दुसरा दाराआड, हे आधी सांगितलं. त्यांना खोकी दिली, लवंग अजून नाही. पिंकी झाकण हललं की पळते, म्हणून झाकणं कापून टाकली. ती चिकन घेऊन कोपऱ्यात गेली, खाऊन परत आली.

२६ ऑगस्ट
अन्वयला नवा वास हवा. बडीशेप. आईने डबा काही हातात दिला नाही, वाटीत काढून दिली.
उद्या सकाळी पार्किंगमध्ये, गाड्यांच्या चाकांपाशी. स्पर्धेत डबी कुठे आहे हे मालकाला ठाऊक नसतं, म्हणून अन्वय मलाही सांगणार नाही. पट्टा सैल धरायचा आणि खंडू नेईल तिकडे जायचं, असं बजावून झोपायला गेला.