रिकामी खाट

रिकामेपणाला आपल्याकडे कधीच प्रतिष्ठा नव्हती. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' अशी म्हण करून ठेवणारा आपला समाज! दिवाळीत तर फराळाचा डबा रिकामा दिसणे हा गृहिणीला अपमानच वाटतो. मीही याच संस्कारात वाढलो. पण गेल्या वर्षापासून एका रिकाम्या वस्तूविषयी माझ्या मनात मोठा आदर निर्माण झाला आहे. ती वस्तू म्हणजे इस्पितळातली रिकामी खाट.

आमच्या तालुक्याच्या गावी लोकवर्गणीतून उभे राहिलेले एक लहानसे इस्पितळ आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मला त्याच्या कार्यकारी मंडळावर घेण्यात आले. मंडळाचे खजिनदार अत्यंत सचोटीचे गृहस्थ. टाचणीचाही हिशेब ठेवतात. एका बैठकीत नोंदवही उघडून ते म्हणाले, "अतिदक्षता विभागात दहा खाटा आहेत. वर्षाची सरासरी काढली तर रोज सातच भरतात. तिघांची यंत्रे आणि परिचारिका आपण उगाच पोसतो. आठ खाटा ठेवू. सात भरतील, एक हाताशी राहील."

हिशेब इतका स्वच्छ होता की सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र कुठेतरी खटकत होते. काय, ते सांगता येईना. अखेर निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

मधल्या दिवाळीत माझी भाची आली. ती पुण्याला संख्याशास्त्र शिकवते. करंज्या तळता तळता तिने माझे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, आजी भात कसा टाकायची? घरातल्या माणसांपुरताच?"

"छे! आल्यागेल्यासाठी मूठभर तांदूळ जास्त असायचेच."

"आणि रोज कोणी यायचे?"

"रोज कुठले?"

"मग ती मूठ वाया गेली असे म्हणाल का?"

कढई उतरवून तिने माझ्याच वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडायला सुरुवात केली. समजा, सरासरीने रोज दोन रोगी येतात आणि प्रत्येक जण चार दिवस राहतो. म्हणजे मागणी आठ खाटांची. पण रोगी काही रोज दोन-दोन असे ठरवून येत नाहीत. कधी दिवसभर कोणी फिरकत नाही, कधी एका रात्रीत पाच जण येतात. अशा लहरी येण्याजाण्याचा हिशेब एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९१७ साली मांडला. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. किती तारा ठेवल्या म्हणजे 'लाइन मोकळी नाही' हे उत्तर क्वचितच द्यावे लागेल, हा त्याचा प्रश्न. गणिताला टेलिफोनची तार काय आणि इस्पितळातली खाट काय, दोन्ही सारखीच!

त्याच्या सूत्राचे उत्तर ऐकून मी थक्क झालो. मागणी आठांची आणि खाटा दहा असल्या तर सरासरीने सातच भरलेल्या दिसतात. तरीही येणाऱ्या आठांपैकी एकाला जागा मिळत नाही. खाटा आठ केल्या तर जवळजवळ चारांपैकी एक परत जातो. आणि गंमत अशी की, त्या आठांतल्याही सरासरीने सहाच भरतात, दोन रिकाम्या राहतातच!

"तुमचे खजिनदार पुढच्या वर्षी त्या दोनही काढायला सांगतील," भाची म्हणाली.

"पण आमच्या वहीत परत गेलेला एकही रोगी नाही!"

"कसा असेल, मामा? वहीत आत आलेल्याचेच नाव लिहितात ना?"

यावर मी काही बोललो नाही. २०११ च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ असाच एका शहरातल्या इस्पितळाच्या दारातून परत गेला होता. खाट नव्हती. दोष कुणाचाच नव्हता; बाहेर येऊन 'नाही' म्हणणाऱ्या त्या तरुण डॉक्टरचा ओशाळलेला चेहरा मला अजून आठवतो. दुसऱ्या इस्पितळात पोहोचेपर्यंत फार उशीर झाला. पहिल्या इस्पितळाच्या वहीत त्या रात्री 'सर्व खाटा भरलेल्या' एवढीच नोंद झाली असेल. माझ्या भावाचे नाव तिथे कुठेच नसेल.

मग खाटा ठेवायच्या तरी किती? बारा केल्या तर वीसांत एक परत जातो, चौदा केल्या तर साठांत एक. प्रत्येक नव्या खाटेचा खर्च तेवढाच, उपयोग मात्र आधीच्या खाटेपेक्षा कमी. कुठेतरी थांबावेच लागते. जॉर्ज डँट्झिग या अमेरिकन गणितज्ञाने १९५५ साली अशा पेचातून निघण्याची एक वाट दाखवली. उद्या काय काय घडू शकेल ते सारे मांडायचे: पावसाळ्यानंतर डेंगीची साथ येईल, किंवा येणारही नाही. प्रत्येक शक्यतेला तिचे वजन द्यायचे. आजचा निर्णय आज घ्यायचा, आणि उद्या जे घडेल त्याप्रमाणे जादा परिचारिका बोलावण्यासारखी दुरुस्ती करायची. या साऱ्यांचा मिळून खर्च जिथे सर्वांत कमी, तो निर्णय उत्तम. मात्र हे गणित आपल्याला आधी एक प्रश्न विचारते: परत गेलेल्या रोग्याची किंमत किती धरू? ते उत्तर त्याच्यापाशी नसते. ते आपणच द्यायचे असते.

पुढच्या बैठकीत मी हाच प्रश्न ठेवला. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी खजिनदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "आजवर आपण ती शून्य धरत होतो."

दहाच्या दहा खाटा राहिल्या. शिवाय दाराशी एक नवी वही आली. तिच्यात तारीख, वेळ, आजार आणि 'कोठे पाठविले' असे रकाने खजिनदारांनी स्वतः आखले. पहिल्या महिन्यात त्या वहीत नऊ नावे आली. आता प्रत्येक बैठकीत ते आधी तीच वही उघडतात. खाटा बारा करायच्या की नाही, हे अजून ठरायचे आहे. पण वर्गणीची पावतीपुस्तके छापून आली आहेत, आणि पहिली पावती खजिनदारांच्या नावावर फाडलेली आहे.