नटबोल्टांचं टेबल

१९९९ साली लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला कॉम्प्युटर आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आला, तेव्हा त्याला ठेवायला कॉटखेरीज जागा नव्हती. मी श्रीलिपी शिकले होते, घरी बसून अक्षरजुळणी करायची म्हणून एका छापखान्याशी बोलणंही झालं होतं. अडलं होतं टेबलापाशी. दुकानातली कॉम्प्युटर टेबलं तेव्हा सगळी एकाच साच्यातली: खाली चाकं, पुढे सरकणारा कीबोर्डचा खण, बाजूला सीपीयूचा कप्पा. वर दहा-बारा किलोंचा मॉनिटर चढवला की जोरात टाइप करणाऱ्याच्या हाताखाली ती डुगडुगायची. किंमत मात्र ठणठणीत.

“सुताराला कशाला बोलवायचं?” सासरे म्हणाले. नाना परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. घरात हत्यारं होती ती त्यांच्या धंद्यातली. पाने, कानस, हॅकसॉ आणि एक हातड्रिल. रंधा नाही, पटाशी नाही, लाकडाची करवतसुद्धा नाही. लाकूड हा मुळात त्यांच्या लेखी बेभरवशाचा माल. पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. त्यामुळे पायांसाठी त्यांनी लोखंडी रॅकचे भोकांचे अँगल आणले, किलोवर.

या अँगलची गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली आणि फार आवडली. दिमित्रियस कोमिनो नावाच्या, ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या गृहस्थाचा लंडनमध्ये छापखाना होता. लाकडी मांडण्या बांधायच्या, गरज बदलली की मोडायच्या, पुन्हा बांधायच्या, याला तो कंटाळला आणि ठरावीक अंतरावर भोकं पाडलेल्या लोखंडी पट्टीची कल्पना त्याला सुचली. १९४७ साली ती ‘डेक्सियन’ या नावाने बाजारात आली. म्हणजे जी वस्तू एका मुद्रकाच्या वैतागातून जन्मली, तिच्यावर मी पुढे दिवाळी अंकांची पानं लावत बसले. नानांना हे ऐकवलं असतं तर ते एवढंच म्हणाले असते, “मग? कामाचा माणूस होता.”

फळीचं काम दुकानदारानेच केलं. प्लायवुडचं अख्खं शीट ८ बाय ४ फुटांचं. त्यातला ४ बाय २ चा, १९ मिलिमीटर जाडीचा तुकडा त्याने मशिनवर काटकोनात कापून दिला. दोन फूट रुंदी हवीच होती, कारण जुन्या मॉनिटरची पाठ पुढच्या काचेइतकीच लांब असे. पण चार फुटांची फळी मधोमध टेकू नसेल तर त्या वजनाखाली वर्षा-दोन वर्षांत पोट काढते. नानांनी मॉनिटरच्या बरोबर खाली एक आडवा अँगल घेतला, माझे गुडघे आपटू नयेत म्हणून वीतभर मागे.

मग मला खुर्चीत बसवलं. “हात टाइप करायला ठेवतेस तसे ठेव.” जमिनीपासून कोपरापर्यंत २६ इंच भरले. नेहमीचं लिहायचं टेबल ३० इंचांचं. त्यावर कीबोर्ड ठेवला की खांदे उचलून काम करावं लागतं आणि म्हणूनच दुकानवाले तो सरकता खण देतात. नानांनी खण रद्द करून टेबलच २६ इंचांवर आणलं आणि मॉनिटरखाली उरलेल्या प्लायचा ठोकळा दिला.

चार पाय, आडव्या पट्ट्या, सगळं आवळून झालं तरी टेबल बाजूला झुलत होतं. चौकोनाचे सांधे कितीही आवळा, तो तिरका होतोच. त्रिकोण होत नाही. मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी दोन बोल्टांनी बसली आणि टेबल मुकाट उभं राहिलं. अँगलच्या कडा कानसून त्यांवर सायकलची जुनी ट्यूब चढवली, कारण माझ्या साडीच्या निऱ्या अडकायच्या. दिसायला ते टेबल कारखान्यातलंच होतं. पाहुणे आले की मी त्यावर चादर टाकत असे, आणि नाना ती काढून ठेवत.

डिंक नाही, खिळा नाही. सुतारी येत नव्हती म्हणून सगळं नटबोल्टवर निभावलेलं. २००६ साली बदलापूरला आलो तेव्हा पान्याने टेबल खोललं, सुतळीने गठ्ठा बांधला आणि टेम्पोत गाद्यांच्या बाजूला सारलं. पुढे चपटा मॉनिटर आला, मागची जागा मोकळी झाली, तिथे प्रुफांचे गठ्ठे आले. २०१४ साली नाना गेले. २०२० मध्ये मुलाची बारावी त्याच टेबलावर ऑनलाइन झाली. तो ताडमाड, म्हणून पायांना अँगलचे तुकडे जोडून तीन इंच उंची वाढवली. आता माझी पाठ बसू देत नाही, तेव्हा तेच पाय आणखी वाढवून मी उभ्याने प्रुफं तपासते. खिळे जुळवणारे जुने कंपोझिटर तरी कुठे बसत होते?

मुलगा पुण्यात भाड्याच्या घरात राहतो. त्याने मागवलेलं टेबल भुशाच्या बोर्डाचं. घर बदलताना खोललं आणि पुन्हा जोडताना स्क्रू धरेनात, भोकांतून भुगा यायला लागला. परवा फोनवर म्हणाला, “आई, नानाआजोबांच्या टेबलाचा नकाशा असेल ना?” नकाशा कधी नव्हताच. मी टेप घेऊन टेबलाखाली वाकले, पायांची भोकं मोजली आणि कागदावर मापं उतरवून त्याला फोटो पाठवला. तासाभराने त्याचा प्रश्न आला: अँगल कापायला हॅकसॉचं पातं कितीचं घेऊ?