डिझेलच घ्यायची तर

आज पुन्हा जुन्या गाडीचाच विचार. घरात सहा माणसं, आणि दर महिन्याला पुणे-कोल्हापूर. इतकं धावणं असेल तरच डिझेल परवडतं, हे मला पटलंय.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. त्याआधीची १२४८ सीसीची अर्टिगा मला आवडते. तिचं काम करणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो. बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळायला इंजिन बराच वेळ सलग तापलेलं लागतं. शाळा, भाजी, बँक एवढ्याच फेऱ्या झाल्या असतील तर तो चोंदलेला असू शकतो. म्हणून मी किलोमीटरच्या आकड्याआधी मालकाचा रोजचा रस्ता विचारते. आणि इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं, हा माझा हट्ट. आधीच गरम करून ठेवलं असेल तर मी सरळ परत फिरते.

आरसीवर कर्जाचा बोजा नाही ना, तेही पाहायचं.

रविवारी साताऱ्याला एक गाडी बघायची आहे. बाबांना सोबत नेऊन मधल्या रांगेत बसवून बघणार. गुडघे दुखतात त्यांचे.