तिसऱ्या बोअरच्या आधी

चि. बाळूस,


तिसरा बोअर घ्यायचं ठरवलंयस, पाणाड्याने जागाही दाखवली, हे वहिनीकडून कळलं. पैशांचं आपण बोलूच, पण त्याआधी हे शांतपणे वाच.

‘बोअर कुठे घ्यावा?’ असं विचारलं की उत्तरात बोअरच येतो. दोन कोरडे गेले तरी तू विचारतोयस तेच. परंड्याच्या काळ्या रानाखाली काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या फटींत. नुसतं खोल गेल्याने ते लागेलच असं नाही.

प्रश्नच बदलला की काय होतं, ते बघ. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले. पुढे नायगावला देवस्थानचं ४० एकर माळरान त्यांनी खंडाने घेतलं आणि तिथे पडणारा पाऊस अडवला, मुरवला. खरा पेच त्यानंतरचा होता: हे पाणी कुणाचं? ज्याची जमीन त्याचं म्हटलं, तर मोठ्या शेतकऱ्याला जास्त आणि मजुराला काहीच नाही. साळुंख्यांनी पाणी एकरावर न मोजता माणसांवर मोजलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं, भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. हीच पाणी पंचायत. मला त्यातला भूमिहीनाचा वाटा फार मोलाचा वाटतो. पाणी वाढवायचं कसं, एवढ्यावरच सगळे अडून राहिले असते तर तो माणूस हिशेबात आलाच नसता.

हिवरे बाजारला तर तू जाऊन आलायस. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर गावाने शेतीसाठी बोअर बंद केले. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडायचा आणि मग पिकं ठरवायची, असा तिथला रिवाज.

आता आपलं रान घे. एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ४,००० लिटर पाणी होतं. सालभरात ५०० मिलिमीटर धरला तर एकरी २० लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे २०० टँकर. ते सगळं अडवता येत नाही. काही उडून जातं, काही पीक पितं. पण आपल्या बांधावरून ओढ्याला आणि तिथून सीनेला किती जातं, हे कधी पाहिलंयस? पुढचा मोठा पाऊस झाला की बांधाबांधाने फिर आणि पाणी कुठून फुटतं तिथे खुणा कर.

दुसरं, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात किती परस खाली जातं, ते वहीत लिही. माघात जेवढं उरतं तेवढ्यात शाळू आणि हरभरा निघत असेल, तर उसाची ती दोन एकरं कशासाठी धरून ठेवायची? कारखान्याचा पैसा एकरकमी येतो, हे मला कळतं. पण दोन कोरड्या बोअरचा खर्च त्यातून वजा करून बघ.

हे ठरवायला भाऊबंद बसाल तेव्हा काकूंना आणि वहिनीला बाहेर ठेवू नका. उन्हाळ्यात घागरी त्याच भरतात. कुठला झरा आधी आटतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. वहीची पानं पाठव. तोवर बोअरच्या गाडीवाल्याला इसार देऊ नकोस.

तुझी,
अक्का