चिकपेटचा रंग आणि बाबांचा पिवळा शर्ट

तुमच्याही कपाटात असा एक शर्ट असेल, जो घालता येत नाही आणि टाकवतही नाही. माझ्याकडे होता तो बाबांचा, फिकट पिवळा, सुती. नोकरीसाठी सांगलीहून बेंगळुरूला येताना मी तो हक्काने बॅगेत टाकला होता. एक दिवस त्यावर चहा सांडला आणि छातीवरचा डाग काही केल्या निघेना. संक्रांतीला घरी जायचं होतं. बाबा शर्टाबद्दल विचारणार, हे नक्की!

मग ठरवलं, गाठी बांधून शर्ट रंगवायचा. टाय-डाय! पण व्हिडिओंमध्ये सगळे पांढरेच टी-शर्ट. रंगीत शर्टाचं काय करायचं? ते विचारायला एका शनिवारी मी चिकपेट गाठलं.

पेठांचं बेंगळुरू

तुम्ही इथे आलात तर हिरव्या मार्गाच्या मेट्रोने चिकपेट स्टेशनला उतरा. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेलं जुनं शहर ते हेच. पुण्याच्या पेठा पाहिलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. ‘चिक्क’ म्हणजे लहान, म्हणून चिकपेट. अक्कीपेट तांदळाची, बळेपेट बांगड्यांची, कुंभारपेट कुंभारांची. गल्ल्या अरुंद आणि दोन्ही बाजूंना साड्यांचे ढीग. हातगाडी आली की आपण दुकानाच्या पायरीवर चढायचं.

या शहराशी आपलं जुनं नातं आहे. विजापूरच्या सैन्याने १६३८ मध्ये बेंगळुरू जिंकलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. इथल्या भावसार समाजाच्या कितीतरी घरांत आजही मराठी बोलली जाते. कापड रंगवणं, छापणं, शिवणं हे त्यांचं परंपरेने आलेलं काम आणि विठ्ठल हे त्यांचं दैवत. पुण्याचे भाऊसाहेब रंगारी आठवतात ना? त्यांचं मूळ आडनाव जावळे. घरी शालू रंगवण्याचा व्यवसाय होता, म्हणून ते रंगारी.

“खालचा रंग कुठं जातोय?”

रंगांच्या दुकानात मी मोडक्या कन्नडमध्ये ‘हळदि शर्ट’ म्हणाले. कन्नडमध्ये पिवळ्याला ‘हळदि’च म्हणतात. तेवढ्यात आईचा फोन आला. माझं बोलणं ऐकून दुकानातले काका हसले आणि कन्नड हेलाच्या मराठीत म्हणाले, “पिवळ्यावर निळा टाकलात की हिरवाच होणार. खालचा रंग कुठं जातोय?”

रंगीत शर्टाचं सगळं गणित एवढंच आहे. कापडाचा रंग पारदर्शक असतो. तो खालचा रंग झाकत नाही, त्यात मिसळतो. पिवळ्यावर लाल टाकला तर केशरी, आकाशीवर लाल टाकला तर जांभळा. गडद शर्ट फिकट रंगाने उजळत नाही. डागही नाहीसा होत नाही, म्हणून सर्वांत गडद पट्टा डागावर येऊ द्यायचा. काकांनी थंड पाण्यात चढणारा निळा रिॲक्टिव्ह रंग दिला. हा रंग सुती कापडावर पक्का बसतो, पॉलिएस्टरवर नाही.

गच्चीवरचा रविवार

आधी एका जुन्या पिवळ्या फडक्यावर रंग करून पाहिला. शर्ट एकच होता, चुकला तर दुसरा कुठून आणणार? मग शर्ट धुऊन सोडा ॲशच्या पाण्यात वीस मिनिटं भिजवला. प्रमाण साधारण चार लिटर पाण्याला एक कप. पिळून घेतला, डागाच्या जागी चिमटीत धरून गोल पिरगळला, रबरबँड घट्ट बांधले आणि बाटलीने रंग सोडला. हातमोजे आणि मास्क विसरू नका, रंगाची पूड श्वासात जाता कामा नये. मुलं सोबत असतील तर रंग मोठ्यांनीच कालवावा. आणि रंगाची भांडी पुन्हा स्वयंपाकात नकोत.

शर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा. डिसेंबरात बेंगळुरूच्या रात्री गार असतात आणि या रंगाला ऊब लागते. म्हणून मी तो पूर्ण चोवीस तास घरातच ठेवला.

धुताना मात्र नळ सोडून बसू नका. इथलं कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपाने चढवून आणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तर पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड होता. म्हणून रंग लागेल तेवढाच कालवा आणि शर्ट बादलीत खळबळून घ्या. शेवटच्या नितळ पाण्याने मी गच्ची धुतली.

रबरबँड सोडताना हात थरथरत होते. डागावर गडद हिरवं वर्तुळ आलं होतं आणि त्याभोवती पोपटी-पिवळी वलयं. डाग शोधूनही सापडेना!

संक्रांतीला तोच शर्ट घालून घरी गेले. बाबांनी आधी ओळखलाच नाही. मग कॉलर हातात धरून म्हणाले, “अगं, हा माझा ना?” शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा होता, त्याने रंग घेतलाच नव्हता. शर्टभर पिवळे टाके तसेच होते.

“आता दोन दिवस मी घालतो,” बाबा म्हणाले. शर्ट अजून सांगलीतच आहे.