सोबतीचे पुस्तक

रविवारची वामकुक्षी ही मराठीच्या प्राध्यापकाला परमेश्वराने परस्पर दिलेली पगारवाढ आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. २०१८ सालच्या जून महिन्यातल्या एका रविवारी ऐन अडीच वाजता फोन खणखणला आणि माझी ती पगारवाढ बुडाली. फोन सिडनीहून होता. बोलत होती माझी भाची.

"मामा, मला एक पुस्तक सुचव ना. डिस्कव्हरीवर."

भाची बारावीला होती. त्यांच्या न्यू साउथ वेल्स राज्यात बारावीच्या इंग्रजीला २०१५ पासून 'डिस्कव्हरी' हा समाईक विषय नेमलेला होता, आणि २०१८ हे त्याचे शेवटचे वर्ष. एक कृती नेमलेली. हिच्या वाट्याला शेक्सपिअरचे 'टेम्पेस्ट' आले होते. तिच्या सोबतीला दुसरी कृती विद्यार्थ्याने स्वतः निवडायची. मग ती कादंबरी असो, कविता असो की चित्रपट असो. दोहोंची सांगड घालून चाळीस मिनिटांत निबंध लिहायचा. आमच्याकडे पुस्तक मंडळ निवडते, प्रश्न गाईड निवडते आणि उत्तर पाठांतर निवडते. तेव्हा मुलांनी स्वतः काही निवडायचे, याचीच मला मोठी मौज वाटली.

"एवढंच ना?" असे म्हणून मी कोलंबसापासून सुरुवात केली. आर्किमिडीज झाला, न्यूटनचे सफरचंद झाले.

"तसं नाही रे मामा," ती म्हणाली. "आमच्या बाई म्हणतात, बाहेरचा शोध सगळेच लिहितात. आतला शोध हवा."

आणि माझ्यातला मराठीचा मास्तर एकदम जागा झाला. शोध 'लावणे' निराळे आणि शोध 'लागणे' निराळे! शोध लावतो तेव्हा कर्ता ऐटीत पुढे उभा असतो. शोध लागतो तेव्हा तो बिचारा बाजूला उभा राहून नुसता पाहत असतो. हे व्याख्यान मी सिडनीपर्यंत दहा मिनिटे दिले आणि शेवटी निकाल सांगितला : लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. भाचीला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. पण शांता गोखल्यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ मध्येच निघालेला होता. तो मी पाठवून दिला आणि पुढच्या रविवारी निर्धास्त झोपलो.

महिन्याने पुन्हा फोन. पुस्तक वाचून झाले होते.

"मामा, प्रॉस्परोला सगळं येतं, सगळ्यांना तो जादूनं मुठीत ठेवतो. पण क्षमा करायची तर त्याला ती जादूच सोडावी लागते. लक्ष्मीबाईंचंही तसंच. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती होतात, त्या किती रडतात, पुढे त्यांच्याजवळ राहायला येतात तरी आपलं सोवळं सांभाळतात. आणि मग विचार करता करता त्यांचं त्यांनाच कळतं, की जाती देवानं केल्या नाहीत, माणसांनी केल्या. दोघांनाही काहीतरी सोडावं लागतं."

मी थक्क झालो. मग तिने विचारले, "तुला काय सापडलं यात?"

"प्रांजळ निवेदन, निर्विष विनोद, घरगुती भाषेचा गोडवा…" मी सुरू झालो.

"ते पुस्तकात आहे रे. तुला काय सापडलं?"

पंधरा वर्षे मी ते पुस्तक शिकवीत होतो, पिवळ्या पडलेल्या एकाच वहीवरून. मला उत्तर सुचेना. "सांगतो नंतर," म्हणून मी फोन ठेवला.

त्या रात्री वही बाजूला ठेवून मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतले. सोवळ्याच्या त्या पानांवर येऊन थांबलो आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. खिडकीत एक कान तुटलेला कप होता. आमच्या कामाच्या बाईंचा. तो कपाटात नसतो, खिडकीत असतो. बाई चहा पितात, स्वतःच विसळतात आणि पुन्हा तिथेच पालथा घालतात. हा नियम कोणी केला, कधी केला, हे मी घरात कधी विचारले नव्हते. वर्गात मात्र दर वर्षी त्या पानांवर माझा आवाज कापरा होत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कप उचलून ठेवला आणि बाईंना आमच्यातलाच एक कप भरून दिला. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. बोलली काही नाही. बाई मात्र कप हातात न घेता खिडकीकडे पाहत राहिल्या.

"साहेब, माझा कप कुठं हाय?"

"फुटला," मी म्हणालो.

खरे कारण सांगायचे धैर्य मला झाले नाही. लक्ष्मीबाईंनी ते भर पुस्तकात सांगितले आहे.

भाची परीक्षा देऊन केव्हाच मोकळी झाली. तिच्या प्रश्नाचे उत्तर फोनवर काही मला देता आले नाही, म्हणून ते इथे लिहिले. हा अंक तिच्याकडे धाडणार आहे. मराठी तिला वाचता येत नाही; तिच्या आईने ते तिला वाचून दाखवावे.